फुटण्याआधीची नळी

बिघडलेल्या वस्तूची कैफियत आपल्याकडे एकाच वाक्याने सुरू होते: ‘कालपर्यंत अगदी व्यवस्थित चालू होतं हो!’ मग ती वस्तू मिक्सर असो, गिझर असो, नाही तर सासऱ्यांचा गुडघा असो. या वाक्यात बोलणाऱ्याची बाजू पुरती सुरक्षित असते. आदल्या रात्रीपर्यंत वस्तू ठणठणीत होती, आपण निर्दोष होतो आणि मधल्या काही तासांत नियतीने डाव साधला. दुरुस्तीला आलेला माणूस हे वाक्य घरोघरी ऐकून कंटाळलेला असतो. तो वाद घालत नाही, नुसता ‘हं’ म्हणतो. त्या ‘हं’मध्ये त्याचा अनुभव असतो आणि बिलाची रक्कमही.

या वाक्याने सगळ्यांत जास्त अन्याय होतो तो नळीवर. कारण नळी फुटते ती चारचौघांत, ऐन कामात आणि आवाज करून. विश्वासघाताचा आरोप तिच्यावर ताबडतोब येतो. वास्तविक नळीइतकी आधीपासून कल्पना देणारी वस्तू दुसरी नसेल. ती महिनोन् महिने सांगत असते. तिचं म्हणणं ऐकायला फक्त खाली वाकावं लागतं आणि पाठीची परवानगी मिळेपर्यंत आपण ते काम पुढे ढकलतो.

हे शहाणपण माझं नव्हे. पुण्यातल्या ऑफिसांची कार्पेटं धुणारी एक टोळी आहे, तिच्या सुपरवायझरांचं आहे. पोरं त्यांना मामा म्हणतात, म्हणून आम्हीही मामा म्हणतो. शनिवारी रात्री ऑफिस रिकामं झालं की ही मंडळी येतात. त्या वेळी मी ऑफिसात काय करत होतो, हा प्रश्न बायकोनेही विचारून झालेला आहे. महिनाअखेरीचे हिशेब होते.

आमच्या ऑफिसचं कार्पेट म्हणजे पन्नास बाय पन्नास सेंटिमीटरचे करडे चौकोन. त्यावर आठवडाभर चहा, सांबार आणि वाढदिवसाचा केक सांडतो आणि तो कधीच कुणी सांडलेला नसतो. मामांची पोरं आधी कोरडा व्हॅक्यूम फिरवतात, मग डागांवर केमिकल मारतात आणि ते मुरलं की मशीन आणतात. मशीनच्या पोटात दोन टाक्या, एक चांगल्या पाण्याची आणि एक घाण पाण्याची. बाहेर दोन नळ्या, एक बारकी आणि एक जाडी. बारकी नळी गरम पाणी दाबाने कार्पेटच्या मुळाशी फेकते, आणि लगेच मागून जाडी नळी तेच पाणी मळासकट ओढून घेते. दोघींचा संसार असा की एकीने दिलेलं दुसरीने तत्काळ परत घ्यायचं. त्यात जरा उशीर झाला की कार्पेट ओलं राहतं आणि सोमवारी सकाळी सगळ्या मजल्याला पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांचा वास येतो.

बारक्या नळीतला दाब ऐकून मी खुर्ची थोडी मागे घेतली होती. मोटारीच्या चाकात तीस-पस्तीस पीएसआय हवा असते. साध्या मशीनच्या या नळीत १०० पीएसआयच्या घरात पाणी असतं आणि मोठ्या मशीनमध्ये ते ४००-५०० पर्यंत जातं. अमेरिकेत तर मशीन व्हॅनमध्येच बसवलेलं असतं. व्हॅन अंगणात उभी राहते आणि तिथून शंभर-शंभर फूट नळ्या दारातून, जिन्यावरून, वरच्या बेडरूमपर्यंत जातात. पाणी ९० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं. म्हणजे परक्या माणसाच्या घरातून, त्याच्या पियानोशेजारून आणि आजोबांच्या तसबिरीखालून, उकळीला टेकलेलं पाणी एका बोटभर जाडीच्या रबराच्या भरवशावर चाललेलं असतं. ग्राहक शेजारी कॉफी पीत उभा असतो. त्याला हे ठाऊक नसतं, हेच बरं.

गाडी दाराशी उभी करून नळ्या घरात न्यायची ही तऱ्हा जुनी आहे. ह्यूबर्ट सेसिल बूथ हा इंग्रज इंजिनिअर. त्याने लंडनमध्ये एक यंत्र पाहिलं, ते धूळ फुंकून उडवायचं. उडालेली धूळ फिरून खाली बसायची. बूथ म्हणाला, फुंकण्यापेक्षा ओढा की! मग एका उपाहारगृहात त्याने खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, त्याला तोंड लावलं आणि जोरात श्वास आत घेतला. जीव घुसमटला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला काळा ठिपका उमटला. १९०१ साली त्याने पेटंट घेतलं. त्याचं यंत्र एवढं थोरलं होतं की ते घोडागाडीवर लादून रस्त्यात उभं करायचे आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात सोडायचे. रस्त्यावरची इतर घोडी त्या आवाजाने बुजायची. घरात मात्र बायका चहाला मैत्रिणींना बोलवायच्या, कारण काही नळ्यांचा तुकडा पारदर्शक ठेवलेला असे आणि आपल्याच घरातली धूळ त्यातून जाताना पाहण्याची सोय असे. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबेमधला गालिचा याच यंत्राने साफ केला. त्या दिवशी नळी फाटली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी मामांना करायला सांगितला. ते म्हणाले, ‘आदल्या दिवशी बघून घेतली असंल त्यांनी.’

मामांचं सगळं तत्त्वज्ञान या ‘आदल्या दिवशी’मध्ये आहे.

काम सुरू होण्याआधी ते बारकी नळी जमिनीवर सरळ टाकतात, उजव्या हातात एक कोरडं फडकं घेतात आणि नळी त्या मुठीतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश सरकवतात. डोळे बहुतेक वेळा दुसरीकडेच असतात. काम हात करतो. फडकं अडलं की तिथे खरचटलेलं आहे. हाताला फुगवटा लागला की आतला पदर सुटलाय आणि बाहेरच्या पदराखाली पाणी शिरलंय. मऊ लागलं की उष्णतेने रबर थकलंय, कडक लागलं की म्हातारं झालंय. फडकं ओलं झालं तर मग बोलायलाच नको. टोकाशी आल्यावर मात्र ते थांबतात, चष्मा वर सरकवतात आणि नळी जिथे पितळी फिटिंगमध्ये शिरते ती चार बोटं जागा वाकवून, फिरवून, बॅटरीच्या उजेडात पाहतात.

‘मरतंय ते हितंच,’ ते म्हणाले.

त्यामागचं शास्त्र साधं आहे. दाबाची नळी म्हणजे एकात एक तीन थर. आत पाणी धरणारी गुळगुळीत रबरी नळी, तिच्यावर दोऱ्याची किंवा पोलादी तारेची वीण आणि सगळ्यांत बाहेर खरचटणं सोसणारं आवरण. दाब सोसते ती मधली वीण. नळी मधोमध कुठेही वाकली तरी वाक लांबवर वाटला जातो. पण पितळेपाशी येताच मऊ संपतं आणि कडक सुरू होतं. पितळ काही वाकत नाही, म्हणून वाकण्याचं सगळं ओझं तेवढ्या चार बोटांवर येतं. पोरगं वँड, म्हणजे नळ्यांच्या टोकाचा दांडा, पुढे-मागे ओढतं तेव्हा दर फेऱ्याला ती जागा एकदा वाकते आणि एकदा सरळ होते. एका रात्रीत किती वेळा, ते मोजायला कुणी बसत नाही, नळी मोजते. त्या जागेवर एक स्प्रिंग किंवा जाड रबरी बाही चढवली की वाक पसरतो आणि नळीचं आयुष्य वाढतं. फार मोठा खर्च नसतो. तरी बाजारातल्या निम्म्या मशीनांवर ती बाही नसते आणि उरलेल्या निम्म्यांवर ती मागे सरकून भलत्याच ठिकाणी जाऊन बसलेली असते.

नळीचे शत्रू मामांनी मला फिरून दाखवले. पहिला शत्रू दार. दार आपोआप मिटतं आणि त्याची कड नळीवर बसते, म्हणून दाराखाली आधी लाकडी पाचर. दुसरा शत्रू भिंतीचा कोपरा. नळी तिथे घासत राहते. भिंतीचा रंग जातो आणि नळीची कातडी. तिसरा शत्रू चाकाची खुर्ची, आणि तिच्यावर बसून हिशेब करत मागे सरकणारा माझ्यासारखा माणूस. चौथा शत्रू ऊन. गच्चीत वाळत टाकलेली नळी वाळते कमी आणि चिरते जास्त. पाचवा शत्रू पाण्याचीच उष्णता. रबराचा एक ढोबळ ठोकताळा असा आहे की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं. म्हणून डाग निघत नाही म्हटल्यावर पाणी आणखी तापवणाऱ्या पोराला मामा डागापेक्षा जास्त घाबरतात.

सहावा शत्रू माझ्यासमोरच प्रकट झाला. नवीन आलेल्या मुलाने मशीन पुढे न्यायचं म्हणून नळीला धरून ओढलं. मशीन मागून निमूटपणे आलं. मामांचा आवाज सबंध मजल्यावर घुमला. ‘आरं ए, नळी हाय ती, दावं न्हाय! मशीनला मूठ दिल्याय, ती काय शोभेला?’ पोराने मूठ धरली. मामा माझ्याकडे वळून म्हणाले, ‘सगळी पोरं असंच करत्यात साहेब. मीबी करायचो.’

काम संपल्यावरचा विधी मला सगळ्यांत आवडला. आधी पंप बंद. मग वँडचा चाप दाबून नळीत अडकलेला दाब सोडायचा. वँड एक शेवटचा सुस्कारा टाकतो आणि नळी जरा सैल पडते. मगच कपलर, म्हणजे नळीचा जोड, काढायचा. घाई करणाऱ्याच्या हातात कपलर उडी मारतो आणि गरम पाणी मनगटावर येतं. नंतर गुंडाळणी. कोपर आणि अंगठा यांच्यामध्ये नळी भराभरा गुंडाळायची आपली जी पिढीजात पद्धत आहे, तिच्यात दर वेढ्याला एक पीळ पडतो. पुढच्या वेळी नळी उलगडली की तो पीळ जागेवरच गाठ होऊन बसतो आणि ती ओढली की घडी पडते. घडीच्या जागी मधली वीण मोडते. म्हणून मामा एक वेढा वरून टाकतात, पुढचा वेढा मनगट आत वळवून खालून टाकतात. एकाचा पीळ दुसरा काढतो. नळी जमिनीवर टाकली की सुतासारखी सरळ जाते. हे शिकायला पाच मिनिटं पुरतात आणि न शिकण्याची सबब वर्षानुवर्षं पुरते.

कपलरच्या आत एक ओ-रिंग असते. आमच्या गावाकडे तिला वायसरच म्हणतील. करंगळीच्या नखाएवढी, किंमत चहापेक्षा कमी. ती चिरली की जोडातून थेंब थेंब सुरू होतो. मामांच्या खिशात पोलोच्या गोळ्यांसारखी दिसणारी जी पुडी असते, त्यात ओ-रिंगाच असतात. मला त्या पाहून १९८६ सालचं चॅलेंजर यान आठवलं. २८ जानेवारीला ते उड्डाणानंतर सव्वा मिनिटाच्या आत नष्ट झालं आणि सात जण गेले. कारण होतं रॉकेटच्या जोडातली रबरी ओ-रिंग. थंडीने ती कडक झाली आणि जोड धरू शकली नाही. चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि चिमटा सोडल्यावर तो लगेच पूर्ववत होत नाही, हे सगळ्यांदेखत दाखवलं. यातली अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे. आधीच्या काही उड्डाणांनंतर परत आणलेल्या रॉकेटांतल्या ओ-रिंगा जळलेल्या, झिजलेल्या आढळल्या होत्या आणि आदल्या रात्री काही इंजिनिअरांनी उड्डाण नको म्हणून सांगितलं होतं. रिंगेने कळवलं होतं आणि माणसांनीही कळवलं होतं.

जाड्या नळीची तऱ्हा वेगळी. ती फुटली तरी कळत नाही, कारण तिच्यातून बाहेर काहीच येत नाही. चिरेतून हवा आत जाते एवढंच. ओढ कमी होते, पाणी कार्पेटमध्येच राहतं आणि दोष मशीनच्या मोटरला लागतो. मोटर उघडली जाते, पुन्हा बंद केली जाते, तिचं बिलही होतं. मामा यासाठी वँडचं तोंड तळहाताने बंद करायला लावतात आणि स्वतः कान खाली करून नळीच्या कडेने चालतात. चीर असेल तिथे बारीक शिट्टी ऐकू येते. रात्री साडेअकरा वाजता रिकाम्या ऑफिसात एक गृहस्थ ओणवे होऊन नळीचं ऐकत चाललेत, हे दृश्य वॉचमनला आता सवयीचं झालंय.

गळती सापडल्यावर आपल्या लोकांची प्रतिभा जागी होते. सायकलच्या ट्यूबची पट्टी, तार, चिकटपट्टी आणि वर ‘आजचा दिवस निघेल’ हा आशीर्वाद. बागेतल्या पाइपला हे चालतं. दाबाच्या गरम नळीला चालत नाही, कारण फाटलेली असते मधली वीण आणि पट्टी बसते बाहेरच्या कातडीवर. खराब टोक कापून नवं फिटिंग यंत्रावर दाबून घेणं हा खरा उपाय. भोसरीला हायड्रॉलिकवाल्यांची अशी दुकानं आहेत. अशा नळ्या बनवताना फुटण्याचा दाब कामाच्या दाबाच्या चौपट धरण्याची पद्धत आहे. ही चौपट सवलत नव्या नळीची असते. खरचटलेल्या, वाकलेल्या, उन्हात पडलेल्या नळीने ती कधीच खर्च करून टाकलेली असते आणि शिलकीचं पासबुक कुणाकडेच नसतं. आणखी एक. दाब चालू असताना गळती कुठे आहे ते बोट फिरवून शोधायचं नाही. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारं पाणी कातडीतून आत शिरू शकतं. बाहेरून टोचल्यासारखा ठिपका दिसतो, आत इजा मोठी असते आणि अशा वेळी हळद न लावता तडक दवाखाना गाठायचा असतो. शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो.

आपल्याला हे सगळं नवीन असायचं कारण नाही. महाराष्ट्रातल्या विहिरींवर मोटा होत्या तेव्हा मोटेला चामड्याची सोंड असे. विहिरीतून पाणी वर आलं की ते त्या सोंडेतून थारोळ्यात पडायचं. चामडं सुकू द्यायचं नाही, तेल पाजायचं, शिवण उसवायच्या आत टाका घालायचा, हे गावाला माहीत होतं. ते काम करणाऱ्या कारागिराला बलुतं मिळायचं, सुगीला, धान्याच्या रूपात. त्या व्यवस्थेत अन्याय पुष्कळ होता आणि ती गेली हे चांगलंच झालं. पण मोट फाटली तरच पैसे, असा हिशेब तिच्यात नव्हता. न फाटलेल्या मोटेचेही दाणे होते.

आजच्या ऑफिसात मात्र न फाटलेल्या नळीला किंमत नाही. मामांनी त्यांच्या कंपनीच्या परचेसवाल्या साहेबांशी झालेलं बोलणं मला ऐकवलं.

‘मामा, ही नळी फुटली का?’

‘नाही साहेब.’

‘गळते का?’

‘अजून नाही.’

‘मग बदलायची कशाला?’

‘म्हणूनच.’

अर्ज परत आला. अर्जावर शेरा होता: ‘कारण स्पष्ट करावे.’

दुसऱ्या एका टोळीची नळी मध्यंतरी अशाच एका ऑफिसात खरोखर फुटली. तिथल्या कार्पेटच्या चौकोनांखाली पोकळ जमीन होती आणि त्या पोकळीत विजेच्या नि नेटवर्कच्या वायरी. पाणी तिकडे धावलं. पोरांनी मात्र कमाल केली. मेन स्विच बंद केला, चौकोन उचलले, पहाटेपर्यंत पाणी उपसलं, पंखे लावले. सोमवारी त्यांचे फोटो ग्रुपवर आले, अंगठे आले, वडापाव आले, साहेबांनी पाठ थोपटली. ती थोपटायलाच हवी होती. पोरं खरंच राबली होती. पण त्याच शनिवारी मामांच्या ऑफिसात काहीही झालं नव्हतं, आणि काहीही न झाल्याचा फोटो काढता येत नाही. मामांना त्या आठवड्यात एवढंच विचारण्यात आलं की ओ-रिंगांवर इतका खर्च कसा होतो.

मी हिशेबनीस माणूस. मला यातली आमची चूक दिसते. फुटलेल्या नळीचा खर्च आम्ही ‘आकस्मिक’ या खात्यात टाकतो आणि वेळेवर बदललेल्या नळीचा ‘टाळता येण्याजोगा’ या सदरात. माझ्या मते ही खाती उलटी आहेत. ज्या नळीवर खरचटलंय, जिच्या मानेशी फुगवटा आलाय, जिच्यावर मामांनी चिकटपट्टी लावून मार्करने बसवल्याची तारीख लिहून ठेवलीय, तिच्या फुटण्यात आकस्मिक काय आहे? खर्च टाळता येण्याजोगा होता तो हाच.

मामांच्या कंपनीला हे पटायला वेळ लागेल. तुमच्या माझ्या घरात मात्र परवानगी मागायला परचेसवाला साहेब नसतो. स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीमागे नारिंगी रंगाची, आत तारेची वीण असलेली सुरक्षा नळी आहे. तिची मुदत पाच वर्षांची असते आणि तिच्यावर तारीख छापलेली असते. शेगडी जरा पुढे ओढून ती वाचा. पाच वर्षं होऊन गेली असतील तर वास यायची वाट न पाहता गॅस एजन्सीतून नवी आणून बसवून घ्या.